पॉटफेस्टला निघताना

जुलैच्या अखेरीस इंग्लंडमध्ये असाल तर कंब्रियातल्या पेनरिथजवळ, हटन-इन-द-फॉरेस्ट या जुन्या गढीच्या आवारात भरणारं ‘पॉटफेस्ट इन द पार्क’ चुकवू नका. नावाला प्रदर्शन, खरं तर जत्राच. कुंभार स्वतःच आपापल्या भांड्यांपाशी उभे असतात. यंदाची नेमकी तारीख आणि तिकीट आधी बघून ठेवा. लंडनच्या यूस्टनहून पेनरिथ रेल्वेने तीनेक तास. पुढचे दहाएक किलोमीटर चालण्याजोगे नाहीत, तेव्हा टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली बरी.

इथला पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण दिवसभर पिच्छा सोडत नाही. छत्री नको, तिच्या काड्या फळीवरच्या भांड्यांना लागतात; टोपीचं जर्किन आणि चिखलात चालतील असे बूट पुरेत. पाठीवरची सॅक तर अजिबात नको. एकदा मी गर्रकन वळलो आणि मागचा वाडगा जेमतेम वाचला. कुंभारीणबाई हसल्या, मला मात्र घाम फुटला.

त्याऐवजी जाडसर कापडी पिशवी, दोन जुने टॉवेल, थोडी रद्दी आणि चिकटपट्टी घ्या. थोडी रोख रक्कम असू द्या. घरच्या फडताळाची उंची-खोली मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, तिथे गेल्यावर डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो.

आता मुख्य काम. आपण माठ घेताना वाजवून घेतो ना, तसंच इथेही, फक्त आधी विचारून आणि दोन्ही हातांनी उचलून. टिचकीला खणखणीत वाजलं तर छान. बद्द वाजलं तर तडा असेल. पण कमी आचेवर भाजलेलं भांडं मुळातच तसं वाजतं, म्हणून भाजणी विचारा. बुडावरून बोट फिरवा, खरखरीत बूड टेबलावर ओरखडे काढतं. कपाच्या कानात बोटं घालून बघा. राकूच्या, म्हणजे लालबुंद असतानाच भट्टीतून काढलेल्या भांड्याच्या, काळ्या भेगांवर जीव जडला तरी त्यात आमटी वाढायची नाही. ती माती पाणी पिते, भांडं शोभेचंच. लोणच्याला बरणी हवी असेल तर १२०० अंशांच्या वर भाजलेलं स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखं घट्ट भांडं बघा, आणि आंबट-खारट ठेवलेलं त्याच्या ग्लेझला, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाला चालेल का, हे सरळ विचारा.

बागेसाठी कुंडी घेताना इथले लोक ‘थंडीत टिकेल ना?’ म्हणतात, कारण मातीत मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि कुंडी तडकते. ती पुण्याला न्यायची असेल तर ही काळजी सोडा. बुडाला भोक आहे का तेवढं बघा, नाहीतर पावसाळ्यात डास पाळाल. विमानात लहान भांडी हातातल्या बॅगेत, पोटात मोजे कोंबून.

खरेदी जड झाली तर ‘संध्याकाळपर्यंत ठेवाल का?’ म्हणून विचारा आणि मोकळ्या हातांनी १७३०च्या दशकातली भिंतीआडची बाग बघून या. मात्र जाण्याआधी कुंभाराचं नाव आणि जागेचा नंबर लिहून घ्या; परतल्यावर सगळे पांढरे मांडव सारखेच दिसतात.