स्फटिक, शिसवी आणि चांदी: एक पदक घडवताना

महाराष्ट्रातील जुन्या दागिन्यांच्या नावांतच निसर्ग आहे. बोरमाळेत सोनाराने बोराचा आकार सोन्यात उतरवला, बकुळीहारात बकुळीचे फूल उतरवले. प्रत्यक्ष फळ वा फूल मात्र दागिन्यात आले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात समकालीन कलादागिन्यांची जी वाट रुळली, तिच्यावरील अनेक कारागिरांनी निसर्गातील वस्तूच दागिन्यात आणली. लंडनच्या अँड्र्यू ग्रिमा यांनी १९६०च्या दशकात पैलू न पाडलेले स्फटिक सोन्यात बसवले, तर नॉर्वेच्या लिव ब्लोवार्प यांनी लाकडाचे तुकडे जोडून गळ्यातले अलंकार घडवले. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात असे स्फटिक विपुल असताना हे काम आपल्याकडे अधिक व्हावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून स्टिल्बाइट या खनिजाचा स्फटिक, शिसवीचे लाकूड आणि चांदी यांचे एक पदक कसे घडवावे, ते येथे सांगत आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले. थंड होताना त्यांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त उष्ण पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्टिल्बाइटसारखी झिओलाइट गटातील, अंगात पाणी धरून ठेवणारी खनिजे व त्यांच्या सोबतीने अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक आणि जळगाव परिसरातील दगडखाणींत किंवा विहीर खोदताना ते अजूनही सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने मांडलेले आहेत. काम सुरू करण्यापूर्वी ते एकदा नीट पाहून यावे, कारण स्फटिक नैसर्गिक अवस्थेत दगडावर कसा बसलेला असतो, हे डोळ्यांत भरल्याशिवाय त्याला दागिन्यात कसे बसवावे हे सुचत नाही.

दागिन्यासाठी खनिज निवडताना रंगाआधी कठीणपणा पाहावा. खनिजशास्त्रज्ञ मोह्स यांच्या दहा अंशांच्या मापावर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) गारगोटी ७ वर आहे, अपोफिलाइट ४.५ ते ५, स्टिल्बाइट ३.५ ते ४ आणि कॅल्साइट ३ वर. हात दिवसभर कशावर तरी आपटत असतो, म्हणून अंगठी किंवा बांगडीसाठी गारगोटी अथवा अकीक (अगेट) घ्यावा. स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट पदकासाठी किंवा साडीच्या पिनेसाठीच योग्य होत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमुळे जगभर प्रसिद्ध झालेला निळाशार कॅव्हन्साइट पाहून मोह होतो. पण त्याचे बारीक सुयांचे पुंजके इतके ठिसूळ असतात की तो कपाटातच शोभतो, अंगावर टिकत नाही.

स्टिल्बाइटचा फिकट गुलाबी, पेंढीसारखा मध्ये आवळलेला स्फटिक घ्यावा आणि त्याच्या तळाशी मूळ काळ्या दगडाचा थोडा भाग शिल्लक असलेला तुकडा पसंत करावा. हा तळखडा अत्यंत मोलाचा आहे, कारण पुढे चांदीची पकड त्यावर बसणार आहे. उंची व रुंदी १५ ते २० मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटरच्या आत असावी. धुताना साधे पाणी आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे, कारण आम्लाने ही खनिजे खराब होतात.

लाकडासाठी जुन्या शिसवी फर्निचरचा तुकडा सर्वांत चांगला; तो वर्षानुवर्षे वाळलेला असतो आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. शिसवीसह तिच्या प्रजातीतील झाडे २०१७ साली ‘साइट्स’ या वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आली, तेव्हा परदेशातील नातलगांना किंवा ग्राहकांना पदक पाठवायचे असेल तर त्या वेळी लागू असलेले नियम आधी पाहावेत. शिसवी न मिळाल्यास फणसाचे लाकूड घ्यावे. त्याचा पिवळा रंग कालांतराने तपकिरी होत जातो आणि गुलाबी स्फटिकाला फार साजतो. तुकडा आठ मिलिमीटर जाडीचा कापून निदान दोन आठवडे काम करण्याच्या खोलीत ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. रेषांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही, परंतु रेषांना आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तीस मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यात हा फरक काही दशांश मिलिमीटरचाच असतो, पण स्फटिकाला तडा जाण्यास तेवढा पुरतो. मी सुरुवातीला एक अपोफिलाइट लाकडातील घट्ट खोबणीत इपॉक्सीने चिकटवला होता. आषाढ संपता संपता त्याच्या कडेचा पापुद्रा सुटून आला. तेव्हापासून मी स्फटिक चिकटवत नाही. त्याला चांदीने धरतो आणि लाकडाला हलायला जागा ठेवतो. पुढची सगळी रचना या एका निर्णयावर उभी आहे.

लाकडाच्या रेषा उभ्या येतील अशा रीतीने पदकाचा आकार आखून बारीक करवतीने कापावा. स्फटिकाच्या तळाला पातळ प्लास्टिक लावून तो मुलांच्या खेळण्याच्या मऊ मातीत हलकेच दाबला की तळाचा नेमका उंचसखल ठसा मिळतो. त्या ठशाबरहुकूम बारीक पटाशीने तीन मिलिमीटर खोल खोबण कोरावी, भोवती सर्व बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळी जागा राखावी आणि तळाशी पातळ चामडे घालावे. कोरताना व घासताना मास्क अनिवार्य समजावा, कारण शिसवीच्या भुशाने अनेकांना त्वचेचा व श्वासाचा त्रास होतो. अकीक किंवा गारगोटी घासायची असेल तर नेहमी पाण्याखालीच घासावी. गुजरातमधील खंबातच्या अकीक कारागिरांना कोरड्या धुळीमुळे जडलेला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही, याचे भान प्रत्येक हौशी कारागिराने ठेवलेच पाहिजे.

चांदीकाम स्फटिकापासून दूर आणि आधीच उरकावे. ०.६ मिलिमीटर जाडीच्या ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदीच्या पत्र्याची पाठ कापावी, तिच्यावर एक मिलिमीटर तारेच्या चार नख्या, म्हणजे स्फटिक धरून ठेवणारे आकडे, उभ्या करून सवागी (बोरॅक्स) लावून डाख द्यावा आणि दोरी ओवण्याची कडीही त्याच वेळी जोडून घ्यावी. मग पाठ लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात स्वच्छ करून धुवावी. स्फटिक बसल्यावर ज्योत लावता येणार नाही, हे पक्के लक्षात असू द्यावे. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ साली अशा खनिजाला तापवले तेव्हा त्यातील पाणी बाहेर पडून ते उकळल्यासारखे फसफसले, आणि त्यावरून त्यांनी ग्रीक शब्दांतून ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, हे नाव दिले. जे त्यांना नाव देण्यास उपयोगी पडले, ते आपल्या पदकाचा नाश करील.

लाकडात नख्यांसाठी चार भोके पाडावीत. ती तारेपेक्षा ०.३ मिलिमीटर मोठी असावीत, म्हणजे लाकूड फुगले तरी ताण तारेवर किंवा स्फटिकावर जाणार नाही. जोडणीपूर्वी लाकडाची पूर्ण घासाई करावी: आधी १८० क्रमांकाचा पॉलिश पेपर, मग ३२०, मग ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू वाळल्यावर ६००. त्यावर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा आणि शेवटी मधमाश्यांचे मेण चोळावे. तेलाचे फडके चुरगळून टाकू नयेत. ते वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून उघड्यावर सपाट पसरून वाळवावेत.

जोडताना खाली चांदीची पाठ, तिच्यावर लाकूड आणि खोबणीत स्फटिक असा क्रम ठेवावा. डाख देताना तापलेली तार मऊ झालेली असते, त्यामुळे ती सहज वाकते. नख्यांची टोके कानशीने निमुळती व गोल करून घ्यावीत आणि समोरासमोरची जोडी थोडी थोडी, आळीपाळीने, लाकडी दांड्याच्या टोकाने तळखड्यावर वळवावी. स्टिल्बाइटच्या ज्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक दिसते, त्याला समांतर तो सहज चिरतो. त्या पृष्ठाच्या कडेत नखीचे टोक पाचरीसारखे घुसणार नाही, याची विशेष काळजी घ्यावी. पदक कानाजवळ धरून हलवल्यास आवाज येऊ नये, पण बोटाने दाबल्यावर लाकूड अगदी किंचित सरकल्याचे जाणवले तरी चालेल. ती ठेवलेली जागा आहे.

ओवण्यासाठी साखळीपेक्षा रेशमी दोरा मला अधिक योग्य वाटतो. अजूनही काही शहरांत पटवेकरी, म्हणजे रेशमात दागिने ओवून देणारे कारागीर, आहेत. त्यांच्याकडून काळ्या किंवा गर्द हिरव्या रेशमात सरकती गाठ घालून घ्यावी, म्हणजे लांबी हवी तशी बदलता येते. एकूण वजन २५ ग्रॅमच्या आत राहिले तर दिवसभर घालूनही मानेला जाणवत नाही.

घरातील चांदी चिंचेने किंवा रांगोळीने घासण्याची पद्धत या पदकाला लावू नये, कारण चिंचेचे आम्ल स्फटिकाला आणि रांगोळीची पूड लाकडाच्या मेणाला बाधते. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी लावून मगच ते घालावे, काढल्यावर सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवावे. दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्याची ओल ओसरल्यावर, चारही नख्या बोटाने तपासून सैल झालेली नखी पुन्हा लाकडी दांड्याने बसवावी आणि लाकडाला मेणाचा एक हात द्यावा.