एनएएसची कॉपी ११ वरच अडलीय? नवा स्विच घेण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात लॅमिंग्टन रोडवरून ऐटीत अडीच गिगाबिटचा स्विच (उपकरणं केबलने एकमेकांना जोडणारा डबा) आणला, मुलुंडच्या घरी जोडला आणि भाचीच्या बारशाचे व्हिडिओ एनएएसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, टाकायला घेतले. वेग : सेकंदाला ११ एमबी. आधीही ११च होता!

हा ११ योगायोगाने येत नाही. नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात, कॉपी करताना दिसतात ते बाइट. आठाने भागा आणि थोडी घट धरा. १०० मेगाबिटचे होतात साधारण ११ एमबी, एक गिगाबिटचे ११० ते ११५, अडीच गिगाबिटचे २८० च्या आसपास. ३५-४० दिसले तर अडीच गिगाबिटचा अडॅप्टर बहुधा जुन्या यूएसबी २.० च्या पोर्टात खोचलाय. म्हणजे चोर कोण ते आकडाच सांगतो. मी मात्र आकडा न वाचता आधी खरेदीला गेलो. पहिली चूक हीच.

माझा चोर भिंतीत होता. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिट दोन जोड्यांवर भागतं. घराचं काम काढलं तेव्हा इलेक्ट्रिशियनने काटकसर करून एक जोडी लँडलाइनला दिली होती. लँडलाइन कधीच बंद झाली, जोडी मात्र तिथेच अडकून पडली. दोन्ही टोकांना आठही तारा नीट क्रिम्प केल्या, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवल्या, आणि कॉपी सुसाट सुटली. विंडोजमध्ये सेटिंग्जच्या इथरनेट पानावर लिंक स्पीड दिसतो. तिथे १०० दिसला तर आधी केबल आणि प्लग तपासा.

केबल बदलायचीच असेल तर वर ‘कॅट ६’ ही प्रत छापलीय एवढ्यावर जाऊ नका. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघालं तर परत करा. ती तार वाकवली की तुटते. उलट जुनी कॅट ५ई शाबूत असेल तर भिंत फोडू नका. अडीच गिगाबिटचं २०१६ चं मानक अशाच केबलसाठी आहे, १०० मीटरपर्यंत. आपल्या वन बीएचकेत स्वयंपाकघराला वळसा घातला तरी वीस मीटर भरत नाहीत. आणि लाइटच्या वायरच्या पाइपातून नेटची केबल ओढू नका. तिथे प्रश्न वेगाचा नाही, जिवाचा आहे.

‘पण माझा इंटरनेट प्लॅन तीनशे मेगाबिटचा आहे,’ असं हमखास ऐकायला मिळतं. घरातल्या घरात फाईल जाते तेव्हा प्लॅनचा काही संबंध नसतो. संबंध असतो ऑपरेटरने दिलेल्या राउटरच्या पोर्टांशी, आणि त्यातले काही १०० चेच असू शकतात. कॉम्प्युटर आणि एनएएस दोन्ही थेट स्विचला लावा. स्विचवरून राउटरला एकच वायर पुरते. लॅपटॉपला केबल लावूनही कॉपी वायफायवरून चालली असेल, तर वायफाय बंद करून पुन्हा मोजा.

एवढं करून वेग कमीच असेल तर कॉम्प्युटर आणि एनएएस दोन्हीकडे आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. तिथे २.३ गिगाबिट आले आणि कॉपी तरी मंदच, तर दोष डिस्कचा. एकटी हार्ड डिस्क मोठ्या फाईलला साधारण १५० ते २५० एमबी देते. हजारो छोटे फोटो असले की कितीतरी कमी. एसएमआर प्रकारची (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क तर लांबलचक कॉपीत मध्येच दमते. जम्बो फ्रेमला, म्हणजे डेटाचे तुकडे मोठे करणाऱ्या सेटिंगला, हात लावू नका, एका उपकरणावर ती करायची राहून गेली तर भलतंच निस्तरावं लागतं. एनएएसला दोन केबल लावून एकच कॉपी दुप्पट होईल अशीही आशा नको.

दहा गिगाबिटचा मोह मला झाला होता. पण तांब्याच्या केबलवरचं दहा गिगाबिट भरपूर तापतं, आणि आमचा स्विच तेव्हा बंद टीव्ही युनिटमध्ये, वर आईने क्रोशाचा रुमाल घातलेला. मे महिन्यात त्याचं काय झालं असतं! आता अडीचचाच स्विच चपलांच्या कपाटावर उघड्यावर आहे आणि आकडा १९० ला थांबतो. तो डिस्कचा आहे. रुमाल फ्रिजवर गेला.