लांबच्या स्थलांतरापूर्वी सामानाची छाटणी

दूरच्या गावी बिऱ्हाड हलवायचे ठरले की बहुतेक घरांत आधी खोकी आणली जातात आणि मग हाताला लागेल ते त्यांत भरले जाते. हा क्रम बदलायला हवा. लांबच्या वाहतुकीचा खर्च अंतराबरोबरच सामानाच्या वजनावर किंवा त्याने व्यापलेल्या जागेवर ठरतो. त्यामुळे नको असलेली वस्तू बांधायची, चढवायची, उतरवायची आणि शेवटी नव्या घरातून टाकून द्यायची, असा चौपट खटाटोप पदरी पडतो. छाटणीसाठी सहा ते आठ आठवडे हाताशी असावेत.

सुरुवात माळा, पलंगाखालचे कप्पे आणि अडगळीची खोली येथून करावी, कारण तिथल्या वस्तूंवाचून घर चाललेलेच असते आणि निर्णय भराभर होतात. मागच्या स्थलांतरापासून चिकटपट्टीही न निघालेले खोके सापडले, तर ते न उघडताच देऊन टाकावे असे काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. अशा खोक्याच्या तळाशी एखादा जन्मदाखला किंवा विम्याचे कागद असू शकतात. म्हणून ते उघडावे, कागद बाजूला काढावेत आणि उरलेल्या वस्तूंचा त्याच बैठकीत निकाल लावावा.

फर्निचरबाबत सर्वांत जास्त विचार करावा. नव्या घराची दारे, जिन्याचे वळण, लिफ्ट आणि भिंतींची लांबी यांची मापे आधी मागवून घ्यावीत, नाहीतर इतक्या लांब नेलेला सोफा दाराबाहेरच अडकतो. भरीव लाकडाचे कपाट सुटे करून पुन्हा जोडता येते. याउलट, लाकडाचा चुरा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डच्या कपाटाचा स्क्रू काढताना भोकाच्या कडेचा भुसा सुटतो, पुन्हा तोच स्क्रू तिथे घट्ट बसत नाही आणि जोडलेले कपाट डुगडुगत राहते. अशा कपाटाचे वाहतूकभाडे आणि तिकडे नवे घेण्याचा खर्च शेजारी शेजारी लिहून पाहावा. बहुधा ते इथेच विकणे शहाणपणाचे ठरते. मोठ्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, म्हणून त्यांची विक्री सर्वांत आधी सुरू करावी.

परदेशी जायचे असेल, तर विजेच्या प्रत्येक उपकरणावरची पट्टी वाचावी. काही देशांत वीज 110 ते 120 व्होल्टची असते, तर काहींत 220 ते 240 व्होल्टची. लॅपटॉपच्या चार्जरवर सहसा 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते आणि तो प्लग बदलून दोन्हीकडे चालतो. पण एकाच व्होल्टेजसाठी बनवलेला मिक्सर किंवा इस्त्री नेण्यात बहुधा अर्थ नसतो. जुने फोन आणि हार्ड डिस्क देऊन टाकण्यापूर्वी त्यांतील माहिती कायमची पुसावी.

पुस्तके दिसतात थोडी, पण वजनाला भारी पडतात. पुन्हा वाचली जातील किंवा संदर्भाला लागतील तेवढीच ठेवावीत. कपड्यांसाठी नव्या गावचे हवामान हीच कसोटी पुरेशी आहे.

रंगाचे डबे, थिनर, पेट्रोल, गॅसचे सिलिंडर अशा ज्वालाग्राही वस्तू वाहतूकदार सहसा घेत नाहीत. त्यांची आणि जुन्या बॅटऱ्यांची व्यवस्था आधीच लावावी. रंग किंवा थिनर मोरीत मात्र कधीही ओतू नये.

पत्रे, छायाचित्रे आणि आठवणीच्या वस्तू शेवटी घ्याव्यात, कारण त्या हातात आल्या की संध्याकाळ कशी सरते ते कळत नाही. मुलांची खेळणी आणि वडीलधाऱ्यांच्या वस्तू त्यांना न विचारता काढू नयेत. घर सुटण्याचे दुःख त्यांनाही असते आणि परस्पर दिलेली एखादी क्षुल्लक वस्तूही मनाला लागते. ज्यांबद्दल निर्णय होत नाही त्या वस्तूंसाठी एकच खोके ठेवावे आणि त्याचा निकाल वाहतूकदार अंदाज घ्यायला येण्यापूर्वी लावावा.

छाटणी संपल्यावरच दर मागवावेत. उरलेल्या सामानाची खोलीवार यादी करून तिची प्रत वाहतूकदाराला द्यावी; ओळखपत्रे, दागिने आणि रोजची औषधे या यादीत न घालता स्वतःबरोबर न्यावीत.