मुदत संपलेला फोटोचा रोल सापडला तर

माळ्यावरच्या डब्यात, आता बनतही नसलेला जुना रोल निघतो. नेहमीच्या सेटिंगवर वापरला की फोटो मळकट, दाणेदार येतात. माझा पहिला रोल असाच वाया गेला.

१. आधी टोक पाहा. फिल्मची पट्टी बाहेर आलेली असेल तर रोल बहुधा कोरा आहे. पट्टी पूर्ण आत असेल तर तो वापरलेला समजा आणि कॅमेऱ्यात घालू नका. आत घरातलंच एखादं बारसं असू शकतं, त्यावर दुसरे फोटो चढून ते खराब होऊ नये.

२. कोरा रंगीत निगेटिव्ह रोल असेल तर मुदत संपल्यापासून दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जादा प्रकाश द्या. २००५ साली मुदत संपलेला २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते) रोल असेल, तर कॅमेऱ्यावर ५० लावा. फ्रिजमध्ये राहिलेल्या रोलला इतकं लागत नाही. कॅमेरा आयएसओ आपोआप वाचत असेल तर २००५ च्या या रोलसाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (प्रकाश कमी-जास्त करायची सोय) +२ करा.

३. भर उन्हात फोटो काढा, रोल संपला की लगेच धुवायला द्या. धुताना वेळ वाढवायला सांगू नका, जादा प्रकाश आधीच दिलेला आहे.

एक मात्र सांभाळा: रोलवर ‘सी-४१’ (रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया) लिहिलंय ना, ते बघूनच लॅबमध्ये द्या. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म) असेल तर तसं आधी सांगा. त्याची रंगीत प्रक्रिया २०१० च्या अखेरीस बंद झाली. आता तो फक्त कृष्णधवल धुता येतो, तोही जाणकाराकडूनच.