नवतप्यातील सर्व्हर-खोली: गारवा आणि डेटाबेस क्लस्टर यांची एकत्र मांडणी

विदर्भातील तालुक्याच्या गावी बाजार समिती, जिनिंग, पतसंस्था किंवा महाविद्यालय यांच्या कार्यालयातील एखाद्या खोलीत तीन सर्व्हर आणि त्यांवर तीन नोडचा डेटाबेस क्लस्टर (एकाच डेटाबेसच्या प्रती एकत्र सांभाळणारा सर्व्हरांचा गट; त्यातील प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड) चालवला जातो. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर गेला की भर दुपारी पावती निघायला उशीर लागू लागतो, खिडकीसमोर रांग वाढते आणि तक्रार सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याकडे जाते. खोली तापते ही तक्रार मात्र वेगळी, एसीच्या मिस्त्रीकडे जाते. माझ्या मते या दोन तक्रारी नसून ती एकच तक्रार आहे, आणि ती एकाच ठिकाणी बसून, एकाच आलेखावर पाहिल्याशिवाय सुटत नाही. पुढील मार्गदर्शन साधारण ३ किलोवॅट वीज घेणाऱ्या खोलीसाठी आहे. हिशेब प्रमाणात वाढवता येतो.

प्रथम हा संबंध नीट समजून घ्यावा. प्रोसेसरचे अंतर्गत तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, आणि एनव्हीएमई (वेगवान साठवणीचे) ड्राइव्ह तर ७० ते ८० अंशांच्या दरम्यानच मंदावतात. सर्व्हर बंद पडत नाही, इशाऱ्याचा दिवा लागेलच असेही नाही. काम फक्त रेंगाळते. एकटा सर्व्हर असता तर त्याच्यापुरते नुकसान झाले असते. क्लस्टरमध्ये मात्र गॅलेरासारख्या (सर्व नोडवरील प्रती एकसारख्या ठेवणाऱ्या) पद्धतीत प्रत्येक नोंद सर्व नोडवर लागू व्हावी लागते, आणि तापलेल्या नोडच्या रांगेत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नोंदी साचल्या की तो ‘थांबा’ असा संदेश देतो व तिन्ही नोडवरील लेखन थबकते. राफ्ट ही दुसरी पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडली. तिच्यात एक नोड लीडर असतो व बाकीचे त्याचे अनुयायी; बहुमताची पोच मिळताच नोंद पक्की होते, त्यामुळे एक मंद अनुयायी खपून जातो. पण लीडरच तापला तर सगळेच मंदावते. आपला क्लस्टर यांपैकी कोणत्या स्वभावाचा आहे हे आधी माहीत करून घ्यावे, कारण पुढची बरीचशी मांडणी त्यावर ठरते.

आधी मोजमाप

खोलीच्या भिंतीवरील तापमापक उपयोगाचा नाही. सर्व्हर ज्या तोंडाने हवा आत घेतो, तिथले तापमान हवे. रॅकच्या (सर्व्हर एकावर एक बसवलेल्या उभ्या चौकटीच्या) पुढच्या बाजूस तळाशी, मध्ये आणि वर असे तीन, मागच्या बाजूस वर एक, आणि इमारतीबाहेर सावलीत एक, असे डीएस१८बी२० जातीचे स्वस्त सेन्सर लावावेत. सर्व्हरच्या आतील तापमान व पंख्यांचा वेग आयपीएमआय या सर्व्हरमधील देखरेखीच्या सोयीतून मिळतो. या सर्व आकड्यांसोबत डेटाबेसचे तीन आकडे प्रोमिथियस या आकडे साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र घ्यावेत: कमिटला (व्यवहार कायम होण्याला) लागणारा वेळ, प्रत्येक नोडची प्रलंबित रांग, आणि डिस्कवर नोंद पक्की होण्यास लागणारा वेळ. गॅलेरा असल्यास लेखन किती काळ रोखले गेले हे सांगणारा फ्लो कंट्रोलचा आकडाही घ्यावा. ईटीसीडी (राफ्टवर चालणारा छोटा डेटाबेस) वापरत असाल तर डिस्कवरील नोंदीचा वेळ शंभरातील नव्याण्णव वेळा १० मिलिसेकंदांच्या आत असावा हा रूढ निकष आहे.

ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे सगळे एकाखाली एक लावून चार-पाच दुपारी पाहावे. वरच्या सर्व्हरचे तापमान आणि कमिटचा वेळ एकत्रच चढत असतील, तर नवा सर्व्हर घेण्याचा ठराव तूर्त बाजूला ठेवावा.

आत येणाऱ्या हवेसाठी अमेरिकेतील अ‍ॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने शिफारस केलेला पल्ला १८ ते २७ अंशांचा आहे, आणि सामान्य दर्जाच्या सर्व्हरसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा चालवून घेण्याजोगी मानली जाते. म्हणजेच खोली १८ अंशांवर गोठवणे ही निव्वळ विजेची नासाडी आहे; २५ ते २६ अंशांची हवा नेमकी सर्व्हरच्या तोंडाशी पोहोचवणे हे खरे काम आहे.

हवेची वाट

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे. गरम आणि गार हवेच्या वाटा वेगळ्या ठेवण्याची कल्पना रुजवण्याचे श्रेय आयबीएमचे रॉबर्ट सुलिव्हन यांना दिले जाते. १९९० च्या दशकातील ही कल्पना आजही मोठ्या डेटा सेंटरचा पाया आहे. आपल्या एका रॅकसाठी ती अशी उतरवावी. रॅकच्या पुढील भागातील प्रत्येक रिकामी फट पत्र्याच्या किंवा प्लायवूडच्या पट्टीने बंद करावी, नाहीतर मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि वरचा सर्व्हर तीच पुन्हा ओढतो. रॅकच्या दोन्ही बाजूंपासून भिंतीपर्यंत आणि वर छतापर्यंत जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावून खोलीचे पुढचा व मागचा असे दोन भाग करावेत. एसीचा झोत पुढच्या भागात यावा आणि एसीने परतीची हवा मागच्या भागाच्या वरून घ्यावी. भिंतीवरच्या स्प्लिट एसीला हे जमत नसेल तर पडद्याच्या माथ्याशी, नेमक्या एसीच्या खाली, परतीपुरती जागा ठेवावी.

हवा किती लागते याचा हिशेब सोपा आहे. सर्व्हरमधून जाताना हवा १० अंशांनी तापते असे धरल्यास १ किलोवॅटसाठी तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा लागते, म्हणजे आपल्या खोलीसाठी सुमारे ९००. इतकी हवा फिरत नसेल तर सर्व्हरचे पंखे वेग वाढवतात, आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याची वीज सुमारे आठपट होते, जिची पुन्हा उष्णताच बनते.

गारवा कशाचा घ्यावा

विदर्भात या प्रश्नाला पहिले उत्तर कुलर असेच येते, आणि ते अजिबात अडाणी उत्तर नाही. बाहेर ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान (नुसते पाणी उडवून हवा जिथपर्यंत गार होऊ शकते ते) सुमारे २४ अंश असते. चांगल्या पॅडचा कुलर या दोन तापमानांतील फरकाचा सुमारे ८० टक्के हिस्सा गाठतो, म्हणजे २८ अंशांची हवा देतो. फेसबुकने २०११ मध्ये अमेरिकेतील प्राइनव्हिल येथे याच तत्त्वावर, शीतयंत्रांविना, मोठे डेटा सेंटर उभारले. मात्र त्याच उन्हाळ्यात तेथे नियंत्रणातील बिघाडामुळे आतील आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली आणि ओलाव्याने काही सर्व्हर बंद पडले. आपल्या कुलरच्या २८ अंशांच्या हवेत आर्द्रता ७० टक्क्यांच्या घरात असते आणि तिचा दवबिंदू सुमारे २२ अंश, म्हणजे सामान्य सर्व्हरसाठी सांगितलेल्या २१ अंशांच्या मर्यादेच्या थोडा वरच, भरतो. शिवाय भर दुपारी तासाला सुमारे ७ लिटर पाणी उडते, आणि दर्यापूर-तेल्हाऱ्याकडील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हे पाणी पॅडवर क्षारांचा थर सोडते, जो झोताबरोबर आतही येतो. म्हणून सर्व्हरवर थेट कुलर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडीअडचणीला काही तासांसाठी सोडावाच लागला, तर मागच्या बाजूने गरम हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच, कारण बंद खोलीतील कुलर फक्त दमटपणा वाढवतो.

याच कोरड्या हवेचा सुरक्षित उपयोग करणारा शोध म्हणजे अप्रत्यक्ष बाष्पशीतन. त्यात ओली हवा आणि सर्व्हरकडे जाणारी हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जातात, उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते, ओलावा जात नाही. व्हॅलेरी मैसोत्सेन्को यांनी यात केलेल्या सुधारणेमुळे हवा ओल्या फडक्याच्या तापमानाच्याही खाली, दवबिंदूच्या दिशेने नेता येते. आपल्याकडच्या मे महिन्यातील कोरड्या हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे हे तंत्र आपल्या हवामानाला जणू मापाने शिवल्यासारखे बसते. नवी इमारत बांधणाऱ्या संस्थेने याची चौकशी जरूर करावी. पाण्याचा प्रश्न मात्र येथेही आहेच; पत्रे ओले ठेवण्यासाठी छतावर साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर क्षारांचा त्रास बराच टळतो.

असलेल्या खोलीसाठी व्यवहार्य उत्तर एसी हेच आहे, पण तो निवडून घ्यावा. एसीची क्षमता सहसा बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते. ४६ अंश धरून चाचणी होणाऱ्या टी-३ वर्गाचे यंत्र मागावे. ३ किलोवॅट उष्णता ही जेमतेम ०.८५ टन होते, तरी तापलेला स्लॅब, भिंती आणि घटलेली क्षमता धरून दीड टनाचे दोन एसी घ्यावेत आणि ते आलटून पालटून चालवावेत. तीन टनांचा एकच एसी घेतला तर तो बंद पडताच सगळेच संपते. बाहेरचे युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, सावलीत असावे. पश्चिमेच्या टिनपत्र्यांवर ठेवलेले युनिट दुपारी स्वतःच्याच गरम हवेत गुदमरते. स्लॅबवर एप्रिलच्या आधी चुन्याचा जाड हात फिरवावा.

जिनिंगच्या आवारात आणखी एक शत्रू असतो. कापसाच्या हंगामात रुईचे तंतू बाहेरच्या युनिटच्या जाळीवर लोकरीसारखे चिकटतात, आणि मार्चअखेर ते काढले नाहीत तर उन्हाळा त्याच जाळीवर सुरू होतो. जिनिंग चालू असेपर्यंत दर आठवड्याला जाळी मऊ ब्रशने साफ करावी. हिवाळ्यातील रात्री बाहेरची गार हवा फिल्टरमधून आत घेऊन एसी पूर्ण बंद ठेवता येतो, पण तेव्हाही फिल्टर याच कारणाने सारखा बघावा लागतो.

क्लस्टरची मांडणी

लेखनाचा भार सर्वांत थंड नोडवर ठेवावा. रॅकमध्ये तो बहुधा तळाचा असतो. गॅलेरामध्ये लोड बॅलन्सरमधून (नोडांत काम वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) सर्व लेखन त्या एका नोडकडे वळवता येते. पॅट्रोनी (पोस्टग्रेस या डेटाबेसचा लीडर ठरवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना नोडना अग्रक्रम देता येतो. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून दोन प्रतिनोडपैकी (मुख्य नोडची प्रत ठेवणाऱ्या नोडपैकी) कोणत्याही एकाची पोच पुरेशी मानण्याची सोय आहे. ती चालू केल्यास एक प्रतिनोड तापून मंदावला तरी पावती अडत नाही. ठरावीक नावाच्या एकाच नोडची वाट पाहणारी जुनी मांडणी असेल तर हा बदल आधी करावा.

बॅकअप, अनुक्रमणिकांची (नोंद झटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचींची) पुनर्बांधणी आणि मोठे अहवाल पहाटे ३ ते ६ या वेळेत टाकावेत, कारण मे महिन्यात स्लॅब निवायलाच मध्यरात्र उलटते. राफ्टमधील हृदयस्पंदनाच्या (लीडर जिवंत असल्याचे कळवणाऱ्या संदेशांच्या) वेळा उन्हाळ्यापुरत्या थोड्या सैल कराव्यात: ईटीसीडीमध्ये मुळात १०० मिलिसेकंदांचे स्पंदन आणि १००० मिलिसेकंदांची निवडणूक-मुदत (तेवढा वेळ संदेश आला नाही तर नवा लीडर निवडला जातो) असते, आणि तापलेल्या डिस्कवर क्षणभर अडखळलेला लीडर विनाकारण पदच्युत होत असेल तर प्रत्येक निवडणुकीत लेखन थांबते.

आणि डेटाबेसला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या (क्वेरींच्या) मुळाशीही जावे. हरभऱ्याच्या आवकीच्या दिवसांत प्रत्येक पावतीमागे शेतकऱ्याचे नाव शोधण्यासाठी संपूर्ण तक्ता वाचला जात असेल, तर तो प्रोसेसर दिवसभर निष्कारण तापतो. संथ प्रश्नांची नोंद चालू करून सर्वांत जास्त एकूण वेळ खाणारे पाच प्रश्न शोधावेत आणि त्यांना योग्य अनुक्रमणिका द्यावी. अशी एक अनुक्रमणिका कधी कधी एसीचा भारही हलका करते.

लाईन गेल्यावर

लाईन गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात आणि एसी बंद पडतो. धोका नेमका येथे आहे. ३६ घनमीटरच्या खोलीत ३ किलोवॅट उष्णता सुटत असेल तर नुसत्या हवेच्या हिशेबाने दर १४ सेकंदांना १ अंश वाढतो. भिंती आणि लोखंड काही उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्ष वेग कमी असतो, तरी जनरेटर सुरू होऊन एसीचा कॉम्प्रेसर आपली तीन मिनिटांची विश्रांती संपवेपर्यंत पुष्कळ काही घडते. मागच्या भागातील बाहेर फेकणारा पंखा यूपीएसवर घ्यावा. बॅटऱ्या मात्र या खोलीत ठेवू नयेत; २५ अंशांच्या वर दर १० अंशांना त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

आत येणारी हवा ३५ अंशांवर गेली की सर्वांत वरचा नोड रीतसर बंद करणारी आज्ञावली आधीच लिहून ठेवावी. ग्रामसभेला जशी गणपूर्ती, तसे क्लस्टरला बहुमत लागते. तिघांपैकी दोन नोड उभे राहिले तर काम चालू राहते आणि उष्णता एकतृतीयांशाने घटते. तेवढा वेळ दुसरा नोड गमावण्याची सवलत उरत नाही, हे लक्षात ठेवून तो नोड लवकर परत आणावा. गॅलेरामध्ये परतणाऱ्या नोडला फक्त चुकलेल्या नोंदी मिळाव्यात यासाठी जी-कॅशचा (अलीकडच्या नोंदी राखून ठेवणाऱ्या फाइलचा) आकार वाढवावा. तो मुळात १२८ मेगाबाइट असतो. दोन-तीन तासांचे लेखन त्यात मावले नाही तर संपूर्ण डेटाबेसची नक्कल सुरू होते, आणि ऐन तापलेल्या दुपारी उरलेल्या दोन नोडवर तोच सर्वांत जड भार ठरतो.

या सगळ्याची रंगीत तालीम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, सुट्टीच्या दुपारी, ताजा बॅकअप हाताशी ठेवून करावी: मुख्य स्विच पाडावा, तापमान किती वेगाने चढते ते नोंदवावे, वरचा नोड आपोआप बंद होतो का ते पाहावे, जनरेटरवर दोन्ही एसी स्वतःहून सुरू होतात का ते तपासावे, आणि नोड परतल्यावर पूर्ण नक्कल सुरू झाली की केवळ चुकलेल्या नोंदी आल्या हे लॉगमध्ये वाचावे. नोंदलेले आकडे कागदावर लिहून रॅकच्या दाराला चिकटवावेत, म्हणजे नवतप्यात खोलीची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला कोणालाही फोन न करता निर्णय घेता येईल.