वावरात शिका ट्रायल्स सायकल: सेटअप कसा करायचा आन् सुरुवात कुठून करायची

पहिले एक क्लिअर करतो, ट्रायल्स म्हणजे रेस नाही. पाय जमिनीला न टेकवता गोट्यांवरून, ओंडक्यांवरून, भिंतीवरून सायकल न्यायची, बस. स्पीडचं काही कामच नाही, उलट जो माणूस जागच्या जागी सायकलवर उभा राहू शकते तोच यात पुढे जाते. स्पेनमधल्या कॅटालोनियात 1970 च्या दशकात पेरे पी नावाच्या मोटरसायकल ट्रायल्सवाल्यानं आपल्या पोराला, ओट पीला, मोटरसायकल झेपायच्या आधी बॅलन्स यावा म्हणून सायकलवर शिकवलं आणि तिथून हा खेळ वाढला. आता यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 20 इंची आणि 26 इंची चाकांचे वेगळे गट असतात, एका सेक्शनला, म्हणजे अडथळ्यांच्या एका टप्प्याला, 2 मिनिटं, पाय टेकला की पेनल्टी.

आपल्या इकडे ट्रायल्सची रेडिमेड सायकल दुकानात भेटत नाही, बाहेरून मागवायची तर खर्च लय. पण सुरुवातीला तिची गरजच नाही. जुनी 26 इंची गिअरवाली सायकल घ्या, फक्त दोन गोष्टी पाहा, फ्रेम लहान पाहिजे आणि शॉकअप नको. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिले की मधल्या दांड्याच्या वर चांगली चारपाच बोटं जागा राहिली पाहिजे. शॉकअपवाली दिसायला भारी दिसते पण तुम्ही उडी मारायला हॅन्डल दाबता तो सगळा जोर स्प्रिंग खाऊन टाकते, आणि स्वस्तातल्या शॉकअपला लॉक पण नसते.

घरी आणली की कॅरिअर, स्टॅन्ड, मडगार्ड, टोपली सगळं काढा. सीट एकदम खाली उतरवा. काही पोट्टे सीटच काढून टाकतात आणि नुसता पाइप उघडा ठेवतात, असं बिलकुल करू नका, घसरून त्याच्यावर बसलं तर काय होईल याचा विचार करा. सीट राहू द्या, खाली राहू द्या. गावात विचारतील, "काऊन बे, सीट इतकं खाली काऊन केलं?", तर सांगा का ही बसायची सायकल नाही, उभं राहून चालवायची आहे.

आता ब्रेक, आणि इथं वेळ द्या कारण ट्रायल्समध्ये ब्रेक म्हणजे अर्धी सायकल. मागचं चाक एका बोटानं जाम झालं पाहिजे, असं जाम की तुम्ही अंगाचा पूर्ण भार मागे टाकला तरी चाक एक इंच सरकलं नाही पाहिजे. पहिले चाकाचं आऊट काढून घ्या, कारण रिम लहरत असली तर ब्रेकचे रबर जवळ लावताच येत नाहीत. मग केबल नवीन टाका, रबर नवीन टाका, रिम साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. स्टीलच्या चमकणाऱ्या रिमवर, त्यातही ओली असली तर, ब्रेक धरतच नाही, अॅल्युमिनियमची रिम टाकता आली तर तिच्यावर पैसे घालवा, रंगरंगोटीवर नको. मोठे रायडर रिमवर ग्राइंडर मारून खरखरीत करतात हे व्हिडिओत दिसते, पण आपल्या साध्या पातळ रिमवर ते करू नका, रिम आणखी पातळ होऊन फुटते. लिव्हर हॅन्डलवर थोडं आत सरकवा म्हणजे बोट लिव्हरच्या टोकावर येते, कमी ताकदीत जास्त दाब बसते.

गिअरचा हिशोब सोपा आहे. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागचे दाते, उत्तर 1.2 च्या आसपास पाहिजे. ट्रायल्सच्या 26 इंची सायकलला पुढे 18 मागे 15 असतात, तेच उत्तर येते. तुमच्या सायकलला पुढचं लहान चक्र 24 दात्यांचं असलं तर मागे 20 चं लावा, 28 चं असलं तर 24 चं. बसून मोजा, खडूनं खूण करून मोजा म्हणजे चुकत नाही. एकदा जमलं की गिअर तिथंच ठेवा.

चेनबद्दल जीव तोडून सांगतो. माझी चेन जुनी होती, दुकानात म्हणाले चालते अजून वर्षभर, आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढायला जोरात पायडल मारलं तशी चेन घसरली, पाय रिकामा खाली गेला आणि गुडघा हॅन्डलच्या खोडावर आदळला. तीन आठवडे बंडीवर चढता येत नव्हतं. म्हणून स्वतः मोजा. 12 इंची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, नवीन चेन असली तर बरोबर 12 इंचावर पिनचा मध्य येते. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली की चेन बदला, आठवा भाग गेली असेल तर मागचे दाते पण घासलेले असतात, तेही बदलावे लागतात. फ्रीवेलचं पण पाहा, साधं फ्रीवेल पकडायच्या आधी पायडल रिकामं फिरते, ट्रायल्सच्या फ्रीवेलला 72 किंवा 108 टप्पे असतात म्हणून ते लगेच पकडते. सुरुवातीला साधं चालेल, पण फिरताना मधेच सुटत असेल तर ते त्याच दिवशी बदला.

टायर जितका जाड बसेल तितका बसवा, मागे 2.1 इंचाच्या खाली नको. हवा 30 पीएसआयपासून सुरू करा आणि दोन दोन कमी करत या, गोट्यावर आदळल्यावर रिम टेकल्यासारखी वाटली का तिथून दोन वाढवा. हवा कमी असली की टायर गोट्याला चिकटून बसते, पण जास्त कमी केली तर ट्यूब रिममध्ये चिमटून सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. आपल्या इकडचा खरा दुश्मन म्हणजे सराटे आणि बाभळीचे काटे, तर जुनी ट्यूब उभी चिरून नवीन ट्यूब आणि टायरच्या मधात टाका, वजन वाढते पण रोजचं पंक्चर वाचते.

हेल्मेट पाहिजेच, आणि फुटबॉलवाले नडगीला लावतात ते गार्ड घ्या, दातेवालं पायडल नडगी सोलून काढते.

शिकायला पहिले दीड दोन महिने उडी मारू नका. अंगणात जिथं हलकासा चढ आहे तिथं तोंड चढाकडे करा, उभे राहा, दोन्ही पायडल आडवे, तुमचा जो पाय आपोआप पुढे जाते तो पुढे, आणि पुढचं चाक त्याच पायाकडे वळवा. आता पुढच्या पायानं हलका दाब दिला की सायकल पुढे जाते, सोडला की चढामुळं मागे येते, त्या दोन बोटं अंतराच्या हालचालीत थांबायचं. नजर चाकावर नको, सात आठ फूट पुढच्या एका गोट्यावर ठेवा. पहिल्या दिवशी तीन सेकंद होतील, ठीक आहे. एक मिनिट झालं की सपाट जागेवर करा, मग दोन्ही ब्रेक दाबून बिलकुल न हलता उभं राहायचं, मग त्याच स्थितीत गुडघे वाकवून दोन्ही चाकं थोडी उचलून बाजूला सरकायचं.

त्याच्यानंतर पुढचं चाक उचलणं. पुढचा पाय वर, घड्याळात दहा वाजतात तिथं, अंग खाली दाबायचं आणि अर्धं पायडल मारता मारता हात सरळ ठेवून अंग मागे न्यायचं. हातानं ओढू नका, वजन मागे गेलं की चाक आपोआप उचलते. मागच्या ब्रेकवर एक बोट कायम, उलटं पडायला लागलं की दाबलं का चाक खाली येते. सरावाला ट्रॅक्टरचा जुना टायर आडवा टाकून त्यात माती ठोकून भरा, हलत नाही आणि पडलं तरी लागत नाही. सुट्या विटा रचू नका, त्या सरकतात.

नाल्यातले काळे गोटे एक नंबर, पण दिवाळी झाल्यावरच, पाणी आटलं आणि शेवाळ वाळलं की. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते का चाक फिरतच नाही आणि ब्रेकचे रबर खराब होतात, एप्रिल मेमध्ये वावरात भेगा पडतात, त्यात चाक अडकलं की माणूस हॅन्डलवरून जाते. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ, मग घरी.

आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावर विचारल्याशिवाय सायकल नेऊ नका. धुऱ्याच्या एका फुटावरून भावाभावात कोर्टकचेऱ्या चालतात आपल्या इकडे, आणि चाकानं धुऱ्याची माती खाली घसरते हे खरंच आहे. मी दोन ठिकाणी विचारलं, दोन्ही काकांनी हो म्हटलं, फक्त तूर निघाल्यावर ये म्हणाले.