दुकानाचा चॅटबॉट लावताय? या चुका टाळा

२०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. आदल्या रात्री पावणेबाराला, ठाण्यात नौपाड्याला मोदक करून विकणाऱ्या आमच्या वहिनीच्या फोनवर एक मेसेज आला. कासारवडवलीच्या कुणी ताई होत्या. हिंदीत, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: ‘कल सुबह ५१ मोदक मिलेंगे?’ वहिनी तेव्हा झोपली होती, कारण तिला पहाटे तीनला उठून उकड काढायची होती. उत्तर दिलं बॉटने. के-ए-एल ही अक्षरं त्याने मराठी धरली आणि ‘काल सकाळच्या ५१ मोदकांची ऑर्डर आमच्या नोंदीत सापडत नाही’ असं कळवून टाकलं. ताई साहजिकच चिडल्या. मग त्यांना शांत करायला या पठ्ठ्याने दहा टक्के सूट दिली आणि सकाळी सातला घरपोच मोदक पाठवायचंही कबूल केलं.

वहिनी पाचपाखाडीच्या पलीकडे कुणाला घरपोच देत नाही. सूट तर तिने सख्ख्या बहिणीलाही कधी दिलेली नाही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ताईंचा फोन आला तेव्हा मोदकपात्रावर झाकण होतं, हाताला पीठ होतं, आणि तो बॉट बसवून देणारा दीर, म्हणजे मी, घरी झोपलेलो होतो.

तेव्हापासून कोपरखैरण्यातल्या एका एसीवाल्याकडे, खारघरच्या एका क्लासमध्ये आणि राम मारुती रोडजवळच्या एका साडीच्या दुकानात मी बॉट लावून दिलेत. फायदा होतो, त्यात वाद नाही. ‘रविवारी चालू आहे का’, ‘रेट काय’, ‘पार्किंग आहे का’ हे रात्री दहानंतर येणारे प्रश्न तो झेलतो आणि सकाळी दुकानदाराला नेमकी कामाची चार माणसं मिळतात. नुकसान होतं तेही साधारण ठरलेल्या जागी होतं.

डोक्यातले नियम डोक्यातच ठेवणं

सगळ्यात महाग चूक हीच. लहान धंद्याचे नियम कुठे लिहिलेले नसतात. २१च्या खाली ऑर्डर नाही, संकष्टीला संध्याकाळी सहानंतर नवं काही घ्यायचं नाही, अमुक सोसायटीत लिफ्ट बंद असते म्हणून खालीच द्यायचं, हे सगळं वहिनीच्या डोक्यात. बॉटला मी दिली होती फक्त दरांची यादी.

आता हे यंत्र चालतं कसं? पुढे कोणता शब्द येणं स्वाभाविक आहे याचा अंदाज बांधत ते वाक्य पुरं करतं. माहिती नसली तर गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही. जगभरातली दुकानं चिडलेल्या गिऱ्हाइकाला सूट देतात, म्हणून त्यानेही दिली. संध्याकाळी साडेसहाला ‘नौपाड्याहून कासारवडवलीला ४५ मिनिटांत पोहोचेल’ असंही तो बिनदिक्कत सांगतो. घोडबंदर रोडवर त्या वेळी एकदा तरी अडकलेला माणूस हे वाक्य लिहिणार नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे. वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे बॉटने सांगायच्या गोष्टी: दर, कमीत कमी ऑर्डर, कुठपर्यंत पोहोचवतो, सुट्टी कधी, ऑर्डर रद्द केली तर पैशांचं काय. उजवीकडे त्याने तोंड उघडायचंच नाही अशा गोष्टी: सूट, उशिराची भरपाई, तक्रार, आणि खाण्याच्या धंद्यात तब्येतीचा कुठलाही प्रश्न. ‘गुळाचे आहेत, मधुमेहींना चालतील ना?’ याला आमच्या बॉटने चाचणीत ‘हो, गूळ नैसर्गिक असतो’ असं उत्तर दिलं होतं. परवाना नंबर विचारल्यावर त्याने चौदा आकड्यांचा एक नंबरही ठोकून दिला. दिसायला अगदी अस्सल, पण आमचा नव्हे.

उजव्या बाजूच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर ठेवा: ‘हे विचारून कळवतो, तातडीचं असेल तर या नंबरवर फोन करा.’ आणि सूचनांमध्ये स्पष्ट लिहा की या पानावर नाही ते सांगायचं नाही. याने थापा खूप कमी होतात. पूर्ण थांबत नाहीत, म्हणून रोज रात्री दहा मिनिटं त्या दिवसाचे संवाद वाचायचे.

‘बॉट बोलला, आम्ही नाही’ ही पळवाट आहे असं वाटत असेल, तर एअर कॅनडाने ती वापरून पाहिली आहे. घरातल्या मृत्यूमुळे प्रवास करणाऱ्याला तिकिटाची सवलत नंतरही मागता येईल, असं त्यांच्या संकेतस्थळावरच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं. कंपनीचा नियम उलटा होता. बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे असा कंपनीचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी २०२४मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि प्रवाशाला पैसे द्यायला लावले. त्याच्या दोनच महिने आधी कॅलिफोर्नियात शेव्हर्ले गाड्यांच्या एका विक्रेत्याच्या बॉटला गोड बोलून एका माणसाने एका डॉलरला गाडी ‘कबूल’ करून घेतली होती. गाडी अर्थातच मिळाली नाही, पण हसं झालं ते झालंच. आपल्याकडे घासाघीस करणाऱ्यांची काही कमी नाही. ‘मालकांशी बोलणं झालंय, त्यांनी शंभर कमी सांगितलेत’ हे वाक्य साडीच्या दुकानातल्या बॉटवर पहिल्याच आठवड्यात आलं.

मराठी येतं म्हणजे आपलं बोलणं कळतं, असं समजणं

‘काल’ आणि ‘कल’चा घोळ सांगितलाच. ठाणे-नवी मुंबईत एकाच फोनवर मराठी, हिंदी, गुजराती, सगळं इंग्रजी अक्षरांत येतं. शिवाय आपली भाषाही सरळ नाही. ‘परवा नेलेले छान होते, परवा सकाळी तसेच हवेत’ या वाक्यातले दोन परवा माणसाला विचार न करता कळतात. पाऊणशे म्हणजे ७५, सव्वाशे म्हणजे १२५, पावणेसात म्हणजे ६.४५, बॉट कधी बरोबर घेतो, कधी पावणेसातला ७.४५ करतो. एकदा बरोबर आलं म्हणजे पुढच्या वेळी येईलच असंही नाही, आणि हेच जास्त त्रासाचं.

म्हणून ऑर्डर पक्की करण्याआधी बॉटने वार, तारीख आणि आकडे लिहून उलट विचारलं पाहिजे: ‘बुधवार, २७ ऑगस्ट, सकाळी ६.४५, उकडीचे मोदक ७५. बरोबर?’ गिऱ्हाइकाचं ‘हो’ आलं तरच नोंद. त्यासाठी आजची तारीख त्याला प्रत्येक संवादात कळते आहे ना, हे बसवून देणाऱ्याकडून तपासून घ्या. ती कळत नसेल तर ‘उद्या’ कुठलाही दिवस असू शकतो.

दुसरं, तो सत्तरीच्या आजींना ‘तुला काय हवं आहे?’ विचारतो. एका ओळीत ‘करू शकतो’, पुढच्या ओळीत ‘करू शकते’. सूचनांमध्ये लिहा: सगळ्यांना अहो-जाहो, वाक्य लहान, ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत उत्तर. आणि खरी परीक्षा घ्यायची तर मागच्या दिवाळीतले वीस जुने मेसेज काढा, नावं-नंबर खोडा, चुकीच्या स्पेलिंगसकट तसेच्या तसे त्याला पाठवा. आपण स्वतः बसून शुद्ध मराठीत विचारलेल्या प्रश्नांना तो नेहमीच पास होतो.

‘सेक्टर १०’ हा पत्ता समजणं

हे खास नवी मुंबईकरांसाठी. सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आणि खारघरलाही आहे. एसीवाल्याचा कारागीर भर मे महिन्यात शिडी घेऊन नेरूळला पोहोचला आणि गिऱ्हाईक ऐरोलीत घाम पुसत बसलं होतं. नोडचं, म्हणजे वाशी, नेरूळ अशा उपनगराचं, नाव आल्याशिवाय पत्ता घ्यायचा नाही, ही एक ओळ घातल्यावर प्रश्न मिटला.

जुना दर, जुना कर

याच एसीवाल्याकडे बॉट नव्या एसीवर २८ टक्के जीएसटी सांगत होता. तो २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के झालेला आहे. बॉटचं शिक्षण एका तारखेपर्यंतचं असतं, त्यानंतरचं आपण दिल्याशिवाय त्याला ठाऊक नसतं. फरसाणवाल्यांनीही तपासा: पाकीटबंद नमकीनवरचा कर त्याच दिवशी १२वरून ५ वर आला.

कधी कधी मात्र दोष आपलाच असतो. नवी दरांची फाइल चढवली, जुनी काढलीच नाही. मग तो आज ही वाचतो, उद्या ती. फाइल एकच ठेवा, वरती तारीख घाला, जुनी काढून टाका. दर बदलला की तीच फाइल बदलायची, बॉटला गप्पांच्या ओघात ‘आता ४५ रुपये झालेत हां’ सांगून चालत नाही.

‘पैसे मिळाले, धन्यवाद’

स्क्रीनशॉट पाहून बॉटने पैसे मिळाल्याचं सांगायचं नाही. बनावट स्क्रीनशॉट दोन मिनिटांत तयार होतो. ‘फोटो मिळाला, खात्यात जमा झाल्याचं पाहून कळवतो’ एवढंच उत्तर ठेवा. खात्यात आले की नाही ते बँकेचा मेसेज, आपलं यूपीआय अ‍ॅप किंवा काउंटरवरचा बोलणारा डबा सांगेल.

गिऱ्हाइकांची यादी फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवणं

‘या चारशे जणांना दिवाळीचा मेसेज लिहून दे’ म्हणत नावं, नंबर, पत्ते सगळं टाकणारे पाहिलेत. एका क्लासने मुलांचे गुणही टाकले होते. अशा सेवांमध्ये लिहिलेलं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण बघतो कोण? सॅमसंगच्या अभियंत्यांनी २०२३मध्ये कंपनीचा कोड असाच चॅटजीपीटीत टाकला आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. मेसेज लिहून घ्यायला यादी लागतच नाही. मजकूर तिथे लिहून घ्या, नावं आपल्या फोनवर घाला.

गरज नसताना विकत घेणं

विकणारा वर्षाचं पॅकेज गळ्यात मारेल. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं साधं अ‍ॅप उघडा. स्वागताचा मेसेज, दुकान बंद असतानाचा मेसेज, कॅटलॉग आणि तिरकी रेघ मारून टाकायची ठेवणीतली ५० उत्तरं, हे सगळं फुकट आहे. दिवसाला वीस-पंचवीस मेसेज येणाऱ्या दुकानाचं माझ्या मते यातच भागतं. आणि ‘फक्त हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्या स्वस्त, अनधिकृत साधनांपासून लांब राहा. व्हॉट्सअ‍ॅप असा नंबर बंद करू शकतं, आणि तोच नंबर तुमच्या पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापलेला असतो.

बॉट लावल्यावर गिऱ्हाइकाला दोन-दोन उत्तरं येत असतील तर घाबरू नका. अ‍ॅपमधला स्वागताचा मेसेज चालूच राहिलेला असतो, तो बंद करा.

वहिनीचं म्हणाल तर तिने बॉट काढला नाही. वर्षभर ‘किती दिवस टिकतात’ला तोच उत्तर देतो. पण चतुर्थीच्या आधीचे चार दिवस तो बंद असतो. त्या दिवसांत पुतणी फोन घेऊन बसते आणि रात्री नऊनंतर एकच ठरलेला मेसेज जातो: ‘उद्याच्या ऑर्डर भरल्या आहेत. रद्द झालेली एखादी मिळाली तर सकाळी सहाला फोन करते. घरपोच फक्त पाचपाखाडीपर्यंत.’